प्रश्न सातवा

रिबनिकच्या शाळेत, आठवीच्या वर्गात
एकोणतीस अर्ज वाटले मी, वॉर्साहून आलेला.
बाहेर हवा पिवळट. खिडक्या उघडायच्या नाहीत असा हुकूम,
रेडिएटरवर वाळत टाकलेले हातमोजे.

पर्यावरणाविषयी तुला माहिती कुठून मिळते?
शाळा. घरचे. मित्र. टीव्ही. मोबाइल.
शेवटी 'इतर', आणि पुढे एक रेघ,
बोटाच्या पेराएवढी.

बहुतेकांनी मोबाइलवर खूण केली नि मोकळे झाले.
एकाने शाळेवर, माझ्याकडे बघत बघत.
ओतिल्याने रेघेवर लिहिलं: कबूतर.

मधल्या सुट्टीत विचारलं तिला.
म्हणाली, बाबांची बावीस आहेत, माळ्यावर.
बाबा खाणीतून येतात ते आंघोळ करूनच येतात,
तरी पापण्यांच्या कडा काळ्या, काजळ घातल्यागत.
आधी वर जातात, मग जेवतात.
एक पांढरी मादी आहे, त्रूदा.
ऑक्टोबरात गल्लीतल्या शेगड्या पेटतात,
कोळशाचा चुरा, जुनी दारं,
आलोयझीकाका तर बूटसुद्धा घालतात,
आणि आठवड्याभरात त्रूदा राखी होते.
मी तिला कोमट पाण्यात धुते.
पाणी ओतून द्यायच्या आधी बघते.

एवढंच, म्हणाली, आणि पाव खाऊ लागली.

प्रश्न चौदावा: खाणी बंद व्हाव्यात का?
सहमत. असहमत.
तिने दोन्ही चौकटींत खूण केली होती,
सारख्याच जोराने. खोडरबर कुठे फिरलेला नव्हता.

नियमाने असा अर्ज बाद.

रात्री भाड्याच्या खोलीत मी तक्ता उघडून बसलो.
कबूतर. ह्याला आकडा कुठला द्यायचा?
तिच्या वयाचा असताना मी चित्र काढलं होतं:
आजारी पृथ्वी, तोंडात थर्मामीटर.
बक्षीस मिळालं, रंगपेटी.
ब्रश धुतलेलं पाणी कुठे ओतलं
ते काही आठवत नाही.

अठ्ठावीस अर्जांची बेरीज जुळली.
एकोणतिसावा उशाशी ठेवला.

खाली घरमालकीण शेगडीत काहीतरी लोटत होती,
फावडं घासल्याचा आवाज, मग झाकणाचा.
काय जाळतेय, विचारलं नाही.
हळूहळू खोली छान उबदार झाली.
मी स्वेटर काढला.