डावी सीट

पुण्याच्या एका दंतवैद्याकडून
मी ती विकत घेतली. लाल, दोन दारांची,
साडेचारशे घोड्यांची.
आमच्या पंचक्रोशीत खरा घोडा एकच,
दारव्ह्याच्या बॅण्डवाल्याचा, वरातीपुरता,
आणि तोही एका डोळ्याने अधू.

गावात गतिरोधक सहा.
प्रत्येकावर ती तिरपी होऊन चढते
आणि पोट खरवडून उतरते.
पोरं मागे पळत मोजतात: एक, दोन…
पाचव्याला माझा जीव दातांत येतो.
एरवी ती शेडमध्येच उभी,
एका अंगाला थ्रेशर, दुसऱ्या अंगाला सरकीची पोती,
कोंबड्यांनी टपावर बसू नये म्हणून
वरून बायकोचं जुनं पातळ.

तेजल सोळाची. ट्रॅक्टर अकराव्या वर्षापासून.
ट्रॉलीसकट रिव्हर्स घेते,
मला अजून जमत नाही इतका सरळ.
तिनं गाडी कधी मागितली नाही.
रोज सकाळी फक्त शेडच्या दारात उभी राहून
दात घासायची.
खूप वेळ घासायची.

शेवटी मीच म्हणालो, चाल.

जिनिंगचं आवार, वैशाखातलं.
कापूस संपलेला, मजूर गावी गेलेले,
तारेच्या कुंपणात अडकून राहिलेली रुई,
आणि साडेसहाचं ऊन, तेही डोक्यात शिरणारं.
गेट आतून लावलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.
मग गाडीला वळसा घातला, आणि कळलं,
चार वर्षांत या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो.

इथे वेगळीच गाडी होती.
कप्प्यात बायकोची बडीशेप, रसवंतीची चिठ्ठी,
आणि पायाशी एका जागी
गालिचा घासून पांढरा पडलेला.
उजवा पाय. नसलेला ब्रेक.
चार वर्षं ती तिथे दाबत आली
आणि तोंडानं म्हणत आली, "छान चालली."

"बाबा, आता?"
"माह्या बापानं पटावर मले जोडी देल्ली ना,
तवा म्हणे, कासरा ढिल्ला धर, पण धर."
"कासरा म्हंजे याच्यातलं काय?"
मी स्टिअरिंगकडे पाहिलं, गिअरकडे,
खाली तिच्या चपलांकडे.
"जाऊ दे. चपला काढ. हळू पाय ठेव."

बंद पडली.
पुन्हा बंद पडली.
तिसऱ्यांदा तिनं असा आवाज काढला
की पत्र्यावरची कबुतरं उठली,
काट्याजवळच्या खाटेवरून रहमत चौकीदार उठला,
आणि एवढं मोठं आवार एकदम अंगणाएवढं झालं.
प्रेसची भिंत आली, गेली.
पाण्याचा हौद आला, गेला.
पुन्हा भिंत.
मी त्या पांढऱ्या जागेवर पाय रोवून म्हणालो,
"छान चालली."
मान न वळवता ती म्हणाली,
"ब्रेक माह्याकडं आहे, बाबा."

थांबली ती हौदापाशी. हॅण्डब्रेक ओढला.
आमची धूळ मागून आली
आणि आम्हाला ओलांडून पुढे निघून गेली.
"तुम्ही हिले तिसऱ्याच्या वर कधी नेलीच नाही ना?"
मी दार उघडून उतरलो.
"काऊन पण?"
मी कुलपाची किल्ली शोधत होतो,
ती हातातच होती.

आज सकाळी कारंज्याला निघालो, पेट्रोल टाकायला.
सीट तिच्या मापाची. गुडघे स्टिअरिंगला टेकलेले.
आरसाही तिच्या मापाचा,
त्यात रस्ता नव्हता, मागची रिकामी बैठक होती.
खटका कुठे आहे ते माहीत आहे,
हात खाली गेलाही.
मग तसाच निघालो, आकसून,
बारा किलोमीटर, बाभळीच्या सावल्या कापत,
पाचवा गतिरोधक तिरपा घ्यायचंही विसरलो.

पंपावरच्या पोरानं खाली वाकून पाहिलं.
"काका, गाडी नवीन शिकून राह्यले का?"
म्हटलं, टाकी फुल कर.