समासात

भारंबे मॅडम म्हणाल्या, भाषण नुसतं वाचू नका, उसवा.
कुणापुढे बोलतोय, कुठे थांबलाय, काय गिळलंय,
कोणता शब्द परत परत दाराशी येऊन उभा राहतो,
पेन्सिलीनं समासात मांडा.

मी मांडलं.
परक्या मुलखातला कुणी पुढारी, भर चौकात,
एका पानात चौदा वेळा 'आपण' म्हणतो.
चौदाव्याला मला शंका आली.
इतकं आपण-आपण कोण करतं?
ज्याला घरी न्यायला वेगळी गाडी उभी असते, तो.
हे मी खोडलं. इंग्रजीत नीट बसतही नव्हतं.

कादंबरीचं निराळंच.
सावद्यात पारा पंचेचाळीसवर, डोक्यावरचा पत्रा तडतडतोय,
कूलरची टाकी सकाळपासून कोरडी,
आणि पान एकशे बारावर बाई म्हणते, गारठले, आगटी पेटवा.
मी एकटीच हसले.
मग आगटी पेटवणारी दिसली.
एकच वाक्य आहे तिला: मुलगी कोळसे घेऊन आली, ठेवून गेली.
नाव नाही. ती गेल्यावर नायिका खिडकीशी उभी राहून
अकरा पानं दुःखी आहे.
प्रश्न नायिकेवर येतो, दहा मार्कांचा.
मी कोळशापाशीच अडले.
जिन्याला पायऱ्या किती, बादली किती जड,
आणि हात? हात कशानं धूत असेल?

हातांचं मला कळतं.
माय रोज संध्याकाळी तेल चोळून घासते,
तरी केळीचा चीक नखांच्या कडेला उरतोच.
आधी पाण्यासारखा, मग तांबूस, मग काया.
काया म्हणजे काळा.
'ळ' मी कॉलेजच्या फाटकाशी घालते, चपलेसारखा,
आणि परतताना काढून हातात घेते.

शनिवारी डबा द्यायला पॅकिंगच्या शेडमध्ये गेले
तर फण्या तुरटीच्या पाण्यात नुसत्याच तरंगत होत्या,
दुबईला जाणारी खोकी तोंड उघडून पडलेली,
आणि एकही हात चालत नव्हता.
मुकादमानं खोक्यामागे दीड रुपया कापला होता.
जुबेदा तडवी सगळ्यांकडे बघत होती. सगळ्या जमिनीकडे.
मग माझी माय उठली.
लग्नात नाव घ्यायला सांगितलं तरी पदर तोंडात धरणारी.

"भाऊ, खोकं तेच हाये."
विळा पदराला पुसला.
"केयी तीच हाये."
परत पुसला, तोच, पुसून झालेला.
"मंग कमी काय झालं, ते आमाले दाखव."

आणि खाली बसली.

मी डब्याच्या पिशवीवर बोटानं खुणा करत होते.
पुनरुक्ती: 'हाये', दोनदा. विराम: दोन, दुसरा जास्त लांब.
'आमाले': एकदाच, आणि तोही शेवटी.
पण मोजला तर अकरा बायांचा भरला.

मुकादम म्हणाला, शेठला विचारतो.
दीड रुपयातले बारा आणे परत आले.
'भाषणाचा परिणाम' या मुद्द्याखाली
बारा आणे कसे लिहायचे, ते गाईडात नाही.

रात्री भांडी विसळताना विचारलं,
माय, मधी काबरं थांबली व तू?
ती म्हणाली, पुढचं सुचेच ना मले.

सोमवारी पेपर.
नायिकेचं स्वभावचित्र मी नीटच लिहिलं,
हट्टी, हळवी, मानी, पुरावे पानांसकट.
खाली दोन ओळी जागा उरली. तिथे लिहिलं:
कोळसे आणणारी जिन्यात कुठे दम खायला थांबली,
हे लेखकानं सांगितलेलं नाही.

मॅडमनी त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढलीय.
चूक म्हणून की कसं, ते विचारायचं राहिलं.
पेपर घरी दाखवला तर मायनं आधी हात पुसले,
मग कोपऱ्यात धरला, अगदी समासात,
तरी बोट उमटलंच.
आत्ता पाण्यासारखं दिसतंय.