जुना माल कंत्राटदाराचा

तीन कोटेशनं आली एका न्हाणीसाठी.
न्हाणी आठ बाय पाच.
कार्तिकात ही घसरली, तेव्हापासूनचं ठरलेलं.

पहिलं टिळकवाडीच्या शोरूमचं:
गुळगुळीत कागद, वर कारंज्याचं चित्र,
एक लाख बेचाळीस हजार, जीएसटी वेगळा.
दुसरं शट्टुप्पा पाखरेचं, कॅलेंडरच्या पाठीवर:
"ब्याऐंशीत बसवतो काका, लेबर धरून."
काय बसवतो, ते पलीकडच्या फेब्रुवारीला ठाऊक.
तिसरं बसवराज बडिगेरचं, कन्नडमध्ये,
अठ्ठावीस ओळी, प्रत्येकीला नंबर.

ते नातीकडून वाचून घेतलं.
शाळेत कन्नड, घरात मराठी, भांडताना दोन्ही;
ती भराभर वाचते, मी मागून चालतो.
अँगल कॉकपाशी मात्र दोघं एकदम पोचलो.
त्याला कुठल्याच भाषेत दुसरं नाव नाही.

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी कास्टिंगं तपासली.
आतली पोकळी वरून दिसत नाही,
ठोकल्यावर बोलते.
कोटेशनही ठोकावं.

एल. एस. म्हणजे काय हो? लमसम.
म्हणजे त्यांनी मोजलेलं नाही,
खरं पैसे आम्ही मोजायचे.
अँगल कॉक सहा लिहिले होते,
भिंतीवर खडूनं खुणा केल्या, चारच भरले.
शोरूमनं तर दाराच्या पोकळीलाही टाइल्स लावल्या,
फुटाला पासष्ट रुपयांनी, हवेला.
आणि सी. पी. फिटिंग.
सी. पी. हा वरचा मुलामा झाला.
आत पितळ की जस्त,
त्यावर तिन्ही कागद गप्प.

म्हणून खडेबाजारात गेलो, हिला रिक्षात घालून.
दुकानदारानं दोन नळ ठेवले, दोन्ही सारखेच लखलखीत,
एक सहाशे चाळीसचा, एक चौदाशे ऐंशीचा.
मी दोन हातांत दोन घेऊन डोळे मिटले.
"काय करूलालासा काका?"
"वजन बगूलालोय."
डावा हात आपोआप वर गेला.
हिनं दोन्ही बाजूला सारले. म्हणाली,
"चांगला हाय, खरं साबणाच्या बोटांना फिरंल काय?"
बोटांची पेरं सुजलेली. त्याचा कॉलम कुठंच नव्हता.
मग लांब दांडीचा घेतला, एका मनगटानं उघडणारा,
अकराशे वीस. घासाघीस ही करत होती,
मी काउंटरला टेकून उभा.

एकोणतिसावी ओळ मी सांगितली:
धरायला गज, कमरेच्या उंचीला,
विटेत रोवलेला. नुसत्या प्लास्टरात नको.

तिन्ही कागदांच्या तळाशी एकच वाक्य होतं
(शट्टुप्पानं तोंडी सांगितलं, एवढाच फरक):
जुना माल कंत्राटदाराचा.
जुना माल म्हणजे फुटकी मोरी, गंजलेला पाइप,
आणि तो नळ.
पॅटर्न परशरामचा, मोल्ड मीरासाबचा,
आटे मी पाडलेले, जेवणाच्या सुट्टीत, एकोणनव्वद साली.
नऊशे ग्रॅम. कंपनीचं नाव नाही.
आजवर चार वायसर खाल्ले त्यानं, बाकी काही मागितलं नाही.
परशराम गेला. मीरासाब मुलाकडं हुबळीला असतो,
फोनवर ऐकू येत नाही त्याला.

हे सगळं मी बडिगेरला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, तो नळ भंगारात नको.
त्यानं नळ उघडला, बंद केला,
अंगठ्यानं आट्यांवरून एक फेरी मारली,
आणि तिसावी ओळ लिहिली:
जुना नळ, मागच्या धुण्याच्या दगडापाशी, पाइपसकट.
दराच्या रकान्यात एकच शब्द.

नातीनं वाचला: उचित.
मी म्हटलं, हो, उचितच आहे.
ती हसायला लागली, "आजोबा,
कन्नडात उचित म्हणजे फुकट."
बडिगेरनं पेनाला टोपण लावलं.
"एरडू सरी री," म्हणाला, दोन्ही बरोबर.

खुर्चीतून हिनं विचारलं,
"आणि त्याच्यावर जीएसटी किती?"