कोशाच्या काट्यावर

पहिल्यांदा घंटी काढली. एकशे दहा ग्रॅम.
बाबांचा कोसा तोलायचा काटा ओसरीवर,
पारड्यात रेशमाच्या लडीऐवजी
ग्रीस माखलेलं लोखंड.
बाबा काही बोलले नाहीत,
फक्त खाली जुनी पिशवी अंथरली.

मग स्टँड, चेनकव्हर,
मग ते कॅरिअर, ज्याच्यावर बसून करिष्मा आयटीआयला जायची.
सातशे चाळीस.
"अन् मी कुठं बसू?"
पवनीची शर्यत होईस्तोवर पायी जा, म्हटलं.
ती रुसली नाही. वही घेऊन आली,
आकडे लिहायला बसली, दशांशचिन्हासकट.

सुटं होतं ते सुटलं. पुढचं कोरून काढायचं होतं.
मुरली बोंद्र्याचं गिरमिट एका दिवसाच्या बोलीवर आणलं,
सीटच्या दांडीला आरपार अकरा भोकं,
ब्रेकच्या मुठींना तीन-तीन.
पडलेला कीस, फुंकर न घालता,
बोटानं गोळा करून काट्यावर ठेवला:
नऊ ग्रॅम.
अर्धी दुपार, तळहाताला फोड,
नऊ ग्रॅम.

आई धान पाखडत होती.
"तुयं उलटंच हाये गा," ती म्हणाली,
"दाणा फेकून राह्यला अन् फोल ठेवून राह्यला.
अन् सकाळचा भात कोण तोलला?"
करिष्मानं तेही लिहिलं. भात, अंदाजे अर्धा किलो.

संध्याकाळी बाबांनी दांडीवरून अंगठा फिरवला,
जसा ते विणलेल्या पदरावरून फिरवतात,
आणि आठव्या भोकाशी थांबले.
"इथं गाठ राह्यली."
कानस मागितली. काठ गोल करून दिला.
काट्यानं ते वजन दाखवलंच नाही.

शर्यतीत मी चौदावा आलो.
पंधरावा पंक्चर झाला होता.

पण बोडीच्या पाळीवरून उतरताना
वारं दांडीच्या भोकांत शिरलं
आणि सायकल वाजायला लागली,
उकळत्या किटलीसारखी, लांबवर.
म्हशी आपसूक बाजूला झाल्या.

मंगळवारी कॅरिअर परत बसवलं.
घंटी अजून फडताळात आहे, कागदात,
वर करिष्माच्या अक्षरात तिचं वजन.
आता उतार लागला की ती मागून हात घालते,
भोकांवर बोटं ठेवते,
एक उचलते, एक दाबते,
आणि मला म्हणते,
ब्रेक नको लावू.