मूळ देशाचा दाखला

उद्यमबागेत, डिस्पॅचच्या शेडमध्ये
लाकडी खोक्यांवर पत्ता रंगवायचं माझं काम.
पत्र्याचं स्टेन्सिल, काळा रंग, दाढीचा जुना ब्रश.
इंग्लंडातल्या त्या गावाचं नाव
अकरा वर्षं इतक्या वेळा रंगवलं
की हात आपोआप शेवटच्या अक्षरापाशी थांबायचा,
जसे पिरनवाडीच्या उतारावर सायकलचे पाय थांबतात.

गाव मी पाहिलेलं नाही.
एवढंच ठाऊक, की आमचं ओतीव तिकडं जातं,
तिथं त्याला भोकं पाडतात, घासून चकचकीत करतात,
आणि मग ते समुद्राखालच्या बोगद्यातून
जर्मनीतल्या कुठल्याशा पंपात जाऊन बसतं.
एका लोखंडाला तीन घरं.
कुणी काही विचारत नसे.

मग त्या लोकांनी मतं टाकली : आम्हाला बाहेर पडायचंय.

दस्तगीरच्या चहाच्या गाड्यावर त्या दिवशी
अख्खी पहिली पाळी तज्ज्ञ झाली.
बसलिंग म्हणाला, छान झालं की,
आता युरोप सोडून आपल्याकडंच येतील, झक मारत.
फेटलिंगचा नारायण कंग्राळकर म्हणाला,
ज्याला नांदायचं नाही त्याला बांधून कोण ठेवणार?
म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं,
मी ग्लासातल्या सायीकडं.
आमच्या भागात हा विषय
दुखऱ्या दाढेसारखा :
जीभ सारखी तिकडंच जाते,
तोंड मात्र कुणी उघडत नाही.

आणि झालं उलटंच.
दार बंद व्हायच्या आत गोदामं भरून घ्यावीत
म्हणून त्यांनी दुप्पट माल मागवला.
भट्टी रविवारीही विझेना.
कंग्राळकरानं ओव्हरटाइमवर स्लॅब टाकला,
सांगत सुटला, बाहेर पडण्यासारखं शहाणपण नाही.

स्लॅबला पाणी मारणं संपलं तेव्हा ऑर्डरही संपली.
तिकडची गोदामं भरलेली, आणि जर्मन विचारायला लागले :
या लोखंडाचं मूळ कुठलं?
नुसती भोकं पाडली म्हणून तुमचं कसं होईल?
जकात भरा.

साहेबांनी गेटवर तिकडच्या केव्हिनची मेल वाचून दाखवली.
आमच्याकडं एकशेचाळीस होते, एकोणीस उरलो, लिहिलं होतं.
मी स्वतः बाहेर पडायलाच मत दिलं होतं.
आज परत विचारलं तर काय सांगेन, ठाऊक नाही.
आम्ही कधी न पाहिलेल्या माणसावर
दोन मिनिटं चिडलो,
मग चिडायला काही सापडेना.

पहिल्यांदा कोअर शॉपच्या कंत्राटी बायका काढल्या.
रुक्मव्वा डबा घेऊन गेटाबाहेर उभी :
"बाहेर ते पडले म्हणं.
मग हिकडं मी कशी?"
वॉचमननं रजिस्टरात वेळ लिहिली.
कंग्राळकर आता म्हणतो, एकत्र राहिलेलं बरं असतं.
त्याच्या मताला बोनसची तारीख आहे.
माझ्याही असेल.

शेवटच्या खेपेचा फॉर्म मीच भरला.
'मूळ देश' या रकान्यापाशी पेन अडलं.
उत्तर सोपं होतं, लिहिलंही.
पण घरी ट्रंकेत
आजोबांच्या जमिनीचा कागद मोडीत आहे,
बाबांचा शाळेचा दाखला मराठीत,
माझं विजेचं बिल कन्नडमध्ये,
आणि घर एक वीतही हललेलं नाही.
त्या पंपातल्या लोखंडाला मी सांगू शकलो असतो
रकाना भरताना हात कुठं जड होतो.

परवा मच्छेला गेलो होतो, रुक्मव्वाच्या गल्लीत.
तिनं भंगारातनं आमचं एक खोकं नेलेलं,
जाळी ठोकून कोंबड्यांचं खुराडं केलंय.
वर माझ्याच हातचं नाव, उलटं.
आत सगळ्या चिखलात बसलेल्या.
किती आहेत, विचारलं.
"नऊ. दहा होत्या.
एक बाहेर पडली."
मग हसली नाही, मीही नाही.
म्हणाली, चहा टाकू का,
कारखान्यात परत घ्यायलेत काय कुणाला?