सेकंडचा माल

साड्या काढून पलंगावर टाकल्या.
आता कपाटात मी, एक स्टूल,
आणि साडेतीन हजारांचा माईक
पायमोजा घातलेला.

दाराला तीन चादरी,
मामाच्या कारखान्यातल्या, सेकंडच्या:
एकीवरच्या मोराला पाय एकच,
दुसरीवर नाव उलटं विणलेलं,
तिसरीत काय चुकलंय ते मला अजून सापडलं नाही.
परत आली म्हणजे असेलच काहीतरी.

पंखा बंद. सोलापूरचा एप्रिल.
विडी घरकुलात रात्री एकलाही
भिंत हात लावू देत नाही.
शेजारचे माग बाराला थांबतात, तेव्हा आई उठते.
चाळीस वर्षं खडखडाटात झोपलेली बाई
शांत झालं की दचकते.
"काय करलालीस गं आत?"
"गाणं."
"बरं." आणि कूस बदलते.

हे "बरं" सातव्या टेकमध्ये आहे.
आठव्यात कुत्रं.
नवव्यात मीच खोकले,
साड्यांना सगळा विडीच्या तंबाखूचा वास.
दहा ते तेरा सूर अगदी बरोबर होता
आणि मी खोटं बोलत होते.

चौदाव्याला घाम डोळ्यांत गेला,
कुणाला ऐकवायचंय तेच विसरले.
शेवटची ओळ, शेवटचे शब्द "राहू दे",
त्यातला "दे" लांबत चाललेला
आणि गल्लीतून नरसम्मा दासरी:
"पाणी आलं गं, पाणी आलंऽऽ"
नेमकं माझ्याच पट्टीत.

मग घागरी, पाईप, मोटार.
उजाडेपर्यंत मी कुणी गाणारी नव्हते.

दुपारी ऑफिसात, टॉवेलांची बिलं बाजूला सारून,
कानाला हेडफोन लावून तिला कापायला बसले.
ती निघते,
पण माझा "दे" घेऊन निघते.
पुढे नऊ रात्री तेवढीच ओळ गायले.
स्वच्छ आली. मेलेली.

शेवटी होतं तसंच पाठवलं
सुरतेला, रजिताला,
जिच्याशी चौथीपासून रोज बोलत होते
आणि दोन वर्षं एक शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.
चाल, शब्द, आवाज, कशाबद्दलच नाही.
एवढंच:
"आता कितव्या दिवशी येतं?"

मी लिहिलं, पाचव्या.

मग बराच वेळ
ती काहीतरी लिहितेय, असं
दिसत राहिलं.