रकाना सातवा

क्रॉफर्ड मार्केटच्या मागल्या दाराने
आंब्याच्या पेटीतून आल्या, बासष्ट.
नऊ वाटेतच गेल्या.
गावित टॉर्च धरतो, मी लिहिते.

सातवा रकाना: संवर्धन स्थिती.
लाल मुनिया – फारशी चिंता नाही.
हिरवी मुनिया – असुरक्षित.

मुठीत दोघींचं काळीज सारख्याच घाईत.
वजन जुन्या जाड पाच रुपयांच्या नाण्याएवढं.
चोची एकाच लाखेत बुडवलेल्या.
लालचा नर विणीला आला की
कुंकवाच्या करंड्यात लोळून उठल्यासारखा,
एरवी मातकट, कुणाच्या नजरेत न भरणारा.
हिरवीच्या कुशीवर पाटीवरच्या पेन्सिलीचे पट्टे.
साहेबांनी दोघींना नाव दिलं
अहमदाबादचा उच्चार बिघडवून.
विकत मिळाल्या त्या गावाचं. गवताचं नाही.

लालला कुठलंही गवत चालतं:
भांडुपच्या पंपिंग स्टेशनामागचं,
खाडीकाठचं,
टॉवर उभा राहण्याआधीच्या रिकाम्या प्लॉटवरचंसुद्धा.
हिरवीचं उरलंसुरलं अबूच्या उतारावर,
आणखी थोड्या डोंगरांत, झुडपांच्या आडोशाला.

सकाळी परातीत पाणी ठेवलं.
चार हिरव्या उतरल्या, पंख झटकले,
आणि पाणी पोपटी झालं.
आतून निघाल्या ठिपकेवाल्या, साध्यासुध्या,
भाव वाढावा म्हणून रंगवलेल्या.
डॉक्टर रिबेलो हसल्या. मग थांबल्या.
मी चार ओळींत ‘असुरक्षित’ खोडलं,
बाजूला सही केली.
त्यातली एक तेव्हा माझ्या डाव्या हातात
ओलीचिंब कुडकुडत होती.

मंगळवारी लाल सोडल्या, चाळीसच्या चाळीस.
ठिपकेवाल्याही, कानामागे थोडा पोपटी रंग राहिलेल्या.
पेटी उघडली तरी क्षणभर कुणी हललं नाही,
मग गवतच उडाल्यासारखं झालं.

हिरव्यांचा कागद राजस्थानातून यायचाय.
चिंता ज्यांची, त्या आत.
दोनदा फोन केला. साहेब मीटिंगमध्ये.

आधी रात्री सगळ्या एकाच दांडीवर बसायच्या,
अंगाला अंग, लाल हिरवी लाल,
एकमेकींची मान खाजवत.
आता नऊच.
भिंतीकडच्या टोकाला सरकून बसतात,
मधली दांडी तशीच.

पहाटे त्यांतला एक गातो,
बारीक, शेवटी लांबवत नेतो,
तेवढ्यात पाण्याची मोटर सुरू होते.

गावित रोज दांडी पुसतो.
सगळी.